आधी म्हणजे कोणती टोळी?

दोन्ही फोनवर एकाच वेळी ‘तुम्ही जिंकलात’ असं आलं. एक फोन आमच्या निखिलच्या हातात होता, दुसरा बंगळूरूहून आलेल्या मेनन यांच्या. दोघं एकमेकांविरुद्ध खेळत होते. दोघांनीही आनंदाने फोन वर केला, समोरच्याचा फोन पाहिला, आणि दोघांचेही हात हळूहळू खाली आले.

वाचणाऱ्याला हसू येईल. मला घाम फुटला. मेनन ज्या कंपनीकडून आले होते ती आमचा खेळ बाजारात आणणार की नाही हे त्या गुरुवारी दुपारी ठरायचं होतं, आणि त्या खेळातलं जे यंत्र बिघडलं होतं ते मी बसवलेलं होतं.

मी मेधा. सत्तावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिले. पहिली वीस भोसरीच्या कारखान्यांतल्या यंत्रांसाठी, शेवटची सात बिबवेवाडीत, गाद्यांच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत, मोबाइलवरचे खेळ करणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी. नातेवाइकांना माझं पहिलं काम कधी कळलं नाही आणि दुसरं कधी पटलं नाही. ‘या वयात गेम?’ असं एका मावशीने लग्नाच्या पंगतीत विचारलं, तेव्हा ‘कुणीतरी केल्याशिवाय तुमचा नातू दिवसभर काय बघेल?’ असं मी म्हटलं होतं. त्या माझ्याशी अजून बोलत नाहीत.

संपादकांनी या क्षेत्रातले गमतीदार अनुभव मागितले आहेत. तसे पुष्कळ आहेत, पण ते मी तोंडी सांगते. लिहून ठेवावा असा एकच आहे आणि तो फारसा गमतीचा नाही.

खेळाचं नाव होतं ‘यार्ड’. कल्पना निखिलची. निखिल आमचा मालक, मूळचा वर्ध्याचा, शिकायला पुण्यात आला आणि राहिला. मार्केट यार्डाजवळ भाड्याच्या खोलीत राहत असताना पहाटे खिडकीतून त्याला जे दिसायचं ते त्याने खेळात आणायचं ठरवलं: मालाच्या गाड्या येतात, हमालांच्या टोळ्या त्या उतरवतात, जागा अपुरी, घाई सगळ्यांना. दोन खेळाडू, प्रत्येकाच्या ताब्यात सहा टोळ्या. ज्याचं आवार आधी मोकळं होईल तो जिंकला.

हे सगळं खरं वाटावं म्हणून निखिलने यार्डातूनच एक माणूस आणला. इक्बालभाई. पन्नाशी ओलांडलेले, तीन पिढ्या पुण्यातल्या, अठ्ठावीस वर्षं तोलणार, म्हणजे काट्यावर माल तोलून देणारे. गुडघे गेले होते. काट्यापाशी दिवसभर उभं राहणं जमेना, म्हणून त्यांनी आपला परवाना पुतण्याच्या नावावर करून दिला आणि आमच्याकडे खुर्चीवर येऊन बसले. तो परवाना एकदा दिला की परत मिळत नाही. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

आता थोडं तंत्राचं सांगते. कंटाळा आला तरी वाचा, पुढे लागणार आहे. मोबाइलच्या खेळाचं इंजिन म्हणजे नाट्यगृह समजा: रंगमंच, दिवे, पडदे, पडदा ओढणारी माणसं. ते मजबूत आणि वेगवान लागतं, म्हणून ते एका अवघड भाषेत लिहितात आणि त्यात एक खिळा बदलायचा तरी सगळं पुन्हा जुळवावं लागतं. आमच्याकडे त्या जुळवणीला पंचवीस मिनिटं लागायची. पण रंगमंचावर कोण कधी काय करतं ही संहिता, स्क्रिप्ट, ती रोज बदलते. ती इंजिनात कोरून ठेवली तर एक वाक्य बदलायला नाट्यगृह पाडावं लागेल. म्हणून स्क्रिप्टसाठी वेगळी, सोपी, छोटी भाषा घ्यायची आणि ती इंजिनाच्या पोटात बसवायची. ती भाषा निवडणं आणि बसवणं हे माझं काम होतं.

सुरुवातीला आमच्याकडे ही सोय नव्हती. इक्बालभाई नियम सांगायचे, तन्मय तो इंजिनात लिहायचा. तन्मय आमचा मुख्य प्रोग्रॅमर, अठ्ठावीस वर्षांचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगायची गरज नसलेला. इक्बालभाई म्हणायचे, “पावसामुळे गाडी अर्धी उतरवून थांबली, तर त्या टोळीचा नंबर जात नाही. पाऊस थांबला की पहिली तीच.” तन्मय लिहायचा. पंचवीस मिनिटांनी खेळ सुरू व्हायचा आणि पाऊस पडताच टोळी गाडी सोडून निघून जायची. “असं नाही हो,” इक्बालभाई म्हणायचे. पुन्हा पंचवीस मिनिटं. दिवसात असे दहा फेरे झाले की दोघं एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत.

निखिलला वाटत होतं की आपण स्वतःचीच भाषा करावी, मराठी शब्दांची. “बातमी येईल, मॅडम.” मी त्याला भोसरीची गोष्ट सांगितली. तिथल्या एका पॅकिंग मशीनसाठी मी तरुणपणी स्वतःची भाषा केली होती. ती जगात फक्त मला येते. मी नोकरी सोडून इतकी वर्षं झाली तरी ते मशीन अडलं की तिथून अजून फोन येतो. “बातमी एक दिवस येते,” मी म्हटलं, “फोन जन्मभर येतात.” तो विषय तिथे मिटला.

मग मी एक काम केलं, ज्याचा मला अजून अभिमान आहे. पावसाचा तोच नियम मी तीन वेगवेगळ्या भाषांत लिहिला, तीन कागदांवर छापला आणि इक्बालभाईंपुढे ठेवला. पहिला कागद महिरपी कंसांनी आणि अर्धविरामांनी भरलेला होता. तो त्यांनी बघितला आणि उलटा करून ठेवला. दुसरा, पायथॉनचा, त्यांना आवडला, पण बोट एका जागी थांबलं.

“मॅडम, इथे जागा का सोडली?”

“ती मोकळी जागा म्हणजेच अर्थ आहे. एवढं आत सरकलेलं सगळं त्या अटीत येतं.”

“म्हणजे जे दिसत नाही त्याला अर्थ? माझा चष्मा बघितलाय का तुम्ही?”

तिसरा कागद लुआचा होता. ब्राझीलमध्ये जन्मलेली, अंगाने अगदी लहान, दुसऱ्याच्या पोटात बसण्यासाठीच केलेली भाषा. तीत अट सुरू होते तिथे एक शब्द, संपते तिथे एक शब्द. त्यांनी दोन्ही शब्दांवर बोट ठेवलं. “हे बरंय. गोणीचं तोंड शिवलेलं दिसतं.” मी मनात केव्हाच लुआच ठरवली होती, फोनमध्ये ती जागा अडवत नाही आणि इंजिनाशी भांडत नाही. पण शिक्का त्यांनी मारला.

बसवायला मला सहा आठवडे लागले. इंजिन आणि स्क्रिप्ट यांच्यामध्ये एक खिडकी असते. तिच्यातून आकडा, नाव, हो-नाही एवढंच इकडून तिकडे जातं. कुठल्या खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि कुठल्या बंद, यातच सगळी कारागिरी. पहिल्याच आठवड्यात इक्बालभाईंच्या एका नियमात टोळी तीच गोणी उचलत राहिली, थांबेचना, फोन गरम झाला. मी मर्यादा घातली: स्क्रिप्ट ठरावीक पावलांपेक्षा जास्त चालली की इंजिन तिला थांबवणार. फाइलींची खिडकी बंद केली. घड्याळाची बंद केली. फाशांची, म्हणजे यदृच्छेने आकडा काढण्याचीसुद्धा बंद केली.

या शेवटच्या दोन का, ते सांगायला हवं. दोन खेळाडूंचे फोन एकमेकांना फार थोडं सांगतात. ‘मी तिसऱ्या टोळीला डावीकडे पाठवलं’ एवढंच. बाकी सगळं यार्ड प्रत्येक फोन स्वतः चालवतो. म्हणून तीच आज्ञा मिळाल्यावर दोन्ही फोनांत तंतोतंत तेच घडलं पाहिजे. एका फोनात एक गोणी वेगळी पडली की तिथून दोन यार्डं वेगळी होत जातात, आणि कुणाला पत्ता लागत नाही. दोन फोनांतली घड्याळं वेगळी, फासे वेगळे. म्हणून ती बंद. मी सगळ्यांना सांगितलं होतं की स्क्रिप्टच्या बाजूने आता काही फरक पडू शकणार नाही. ‘सगळी भोकं बुजवली आहेत’ हे माझे शब्द.

इक्बालभाई दोन महिन्यांत लिहायला लागले. एका वहीत मराठीत नियम, मग कॉम्प्युटरवर लुआत. दिवसाला वीस प्रश्न विचारायचे. “मॅडम, एक विचारू का?” हे वाक्य माझ्या खुर्चीच्या डाव्या बाजूने सकाळी साडेदहाला सुरू व्हायचं. मी चिडायचे, पण खरं सांगायचं तर त्या प्रश्नांची मला सवय लागली होती. शिकलेली माणसं न कळताही मान हलवतात. हे हलवत नसत.

गाडी कुठल्या टोळीला द्यायची ही स्क्रिप्ट त्यांनी सगळ्यात मन लावून लिहिली होती. टोळ्यांची यादी क्रमांकाने: एक, दोन, तीन. काम झालं की टोळी शेवटी जाऊन उभी राहायची. यार्डात असंच चालतं. पण खेळात खेळाडू एखादी टोळी काढून टाकू शकत असे. मधली तीन नंबरची काढली की यादीत भोक पडायचं आणि लुआ तिथेच थांबायची. खेळ दोनदा बंद पडला. त्या दिवशी माझ्यापुढे दुसरं एक काम अडलं होतं. मी त्यांच्या खुर्चीशेजारी उभ्या-उभ्याच, त्यांच्याच नावाने उघडलेल्या कॉम्प्युटरवर, त्यांची यादी बदलली. क्रमांक काढले, टोळ्या नावाने ठेवल्या. सगळ्या टोळ्या एकेक करून बघायच्या, जी आधी मोकळी सापडेल तिला गाडी.

“आधी म्हणजे कोणती?” इक्बालभाईंनी विचारलं.

“यादीत जी आधी येईल ती.”

“पण आता नंबर काढले ना. मग यादीत आधी कोण, ते कुठे लिहायचं?”

“ते मशीन लावतं बरोबर.”

“मॅडम, कोण लावतं ते कळलं नाही तर यार्डात डोकी फुटतात.”

“इक्बालभाई,” मी म्हटलं, “प्रत्येक गोष्टीत यार्ड आणू नका.”

त्यांनी वही मिटली. खेळ बंद पडायचा थांबला. मी माझ्या कामाला गेले.

आणि मग तो गुरुवार. मेनन सभ्य होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, चहा संपवला आणि म्हणाले की पुढच्या बुधवारी हिंजवडीत त्यांचं दुसरं काम आहे, तेव्हा ते परत येतील. त्या दिवशी दोघांपैकी एकच जिंकला तर पुढचं बोलता येईल. ते गेल्यावर निखिलने दार लावलं. ताण आला की त्याच्या जिभेवर वर्धा येतं.

“काहून होऊन राह्यलं असं? कोणी सांगा मले.”

“सर, इंजिन परफेक्ट आहे,” तन्मय म्हणाला. “मी शेकडो वेळा रन केलंय, सेम रिझल्ट येतो. प्रॉब्लेम स्क्रिप्ट साइडला आहे. हंड्रेड परसेंट.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “स्क्रिप्ट तपासायला हव्यात.” एवढंच. पण स्क्रिप्ट लिहिणारा माणूस त्याच खोलीत बसलेला होता, आणि माझं वाक्य सगळ्यांनी जसं ऐकायचं तसंच ऐकलं. ते तसं ऐकलं जातंय हे मला दिसत होतं.

निखिल वाईट माणूस नाही. पंधरा माणसांचे संसार त्या खेळावर होते. तो म्हणाला, “भाई, तुम्ही बुधवारपर्यंत घरी थांबा. तन्मय सगळे नियम परत इंजिनात घेईल. मग बघू.”

“माझ्या स्क्रिप्ट काढणार?”

“बघू, भाई.”

इक्बालभाई माझ्याकडे वळले. “मॅडम, कोणती चुकली?”

“अजून कळलं नाही,” मी म्हटलं. ते तेव्हा खरंच होतं. त्यांनी वही पिशवीत घातली, चष्मा खिशात ठेवला आणि गुडघे सांभाळत जिना उतरले. तो परवाना पुतण्याच्या नावावर आहे, हे मला त्या वेळी आठवलं.

शुक्रवारभर मी शोधलं. अशा वेळी एक युक्ती करतात: प्रत्येक पावलाला दोन्ही फोनांनी आपापल्या यार्डाचा सगळा हिशेब मिळून एक आकडा लिहायचा आणि आकडे ताडून बघायचे. जिथे ते पहिल्यांदा वेगळे पडतील तिथे रोग. मी आणि तन्मय समोरासमोर बसून सकाळपासून खेळलो. आकडे जुळत राहिले. प्रत्येक वेळी. तन्मय दर डावाला एकदा सुस्कारा टाकायचा. मला वाटायला लागलं की गुरुवारी सगळ्यांना मिळून भास झाला असावा.

शनिवारी सकाळी मी माझा स्वतःचा फोन घेऊन बसले. डाव मध्यावर असताना भावाचा फोन आला. ‘संध्याकाळी येतेस का?’ ‘बघते.’ ठेवला, खेळ पुन्हा उघडला, आणि चार गाड्यांनंतर आकडे फुटले. माझ्या फोनवर एक, तन्मयच्या फोनवर दुसरा. मी हात उचलून बसून राहिले. गुरुवारी मेनन यांनाही मध्येच फोन आला होता. ते गॅलरीत गेले होते, बोलले होते, आणि परत येऊन खेळायला लागले होते.

फोन आला की खेळ बाजूला पडतो, परत आल्यावर साठवलेल्या स्थितीतून पुन्हा उभा राहतो. सगळ्या याद्या नव्याने भरल्या जातात. नावांनी ठेवलेल्या यादीत लुआ कुठल्या क्रमाने फिरेल याची ती भाषा हमी देत नाही. बहुतेक वेळा तोच क्रम येतो, म्हणून चूक महिनोन्‌महिने लपून राहते. नव्याने भरली की क्रम बदलू शकतो. एका फोनात आधी ‘शिवा’ची टोळी, दुसऱ्यात आधी ‘बाबू’ची. गाडी वेगळ्या टोळीला गेली, यार्डं वेगळी झाली, दोघंही जिंकले. हे भाषेच्या पुस्तकात एका ओळीत स्वच्छ लिहिलेलं आहे आणि ती ओळ मी पूर्वी वाचलेली होती.

‘आधी म्हणजे कोणती?’ त्या माणसाने बरोबर त्याच जागी बोट ठेवलं होतं, आणि मी ते झटकलं होतं.

तन्मय खाली चहाला गेला होता. दुरुस्ती नऊ ओळींची. टोळ्यांची नावं तशीच ठेवली, शेजारी त्यांच्या क्रमाची वेगळी यादी केली, टोळी काढली की मागच्या सगळ्या एकेक जागा पुढे सरकवल्या. इक्बालभाईंना हवं होतं तेच. तन्मयचा फोन टेबलावरच होता; दोन्ही बाजू मीच तीन वेळा खेळले, तीन वेळा मुद्दाम मध्ये भावाकडून फोन करवून घेतला. आकडे जुळले. मग मी कंपनीच्या ग्रुपवर निरोप टाकला: ‘सापडलं. गाडी देण्याच्या स्क्रिप्टमध्ये यादीचा क्रम पक्का नव्हता. दुरुस्त केलं.’

यातला शब्द न्‌ शब्द खरा आहे. निखिलचं लगेच उत्तर आलं: ‘म्हणजे भाईंनी घोटाळा केला. मॅडम, तुम्ही वाचवलंत.’ त्या निरोपाखाली तन्मयने टाकलेली जोडलेल्या हातांची इमोजी.

मी उत्तर लिहायला घेतलं. ‘तसं नाही’ एवढं लिहिलं आणि खोडलं. का खोडलं? इतकी वर्षं मी कारखान्यात आणि इथे एकच गोष्ट कमावली होती: मेधा मॅडम चुकत नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं होती. तन्मयला ही कबुली मिळाली असती तर त्याने तिची उजळणी दर सोमवारी केली असती. बुधवार होऊन जाऊ दे, मग शांतपणे सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. ही लबाडी होती. तेव्हाही मला ती लबाडीच वाटत होती. रविवार गेला. सोमवारही गेला. इक्बालभाईंची खुर्ची रिकामी होती आणि डाव्या बाजूने कुणी काही विचारत नव्हतं.

मंगळवारी दुपारी निखिल माझ्या टेबलापाशी आला. “मॅडम, उद्याचं झालं की भाईंना महिन्यातून एकदा बोलवू. सल्ल्यापुरतं. स्क्रिप्ट तन्मय बघेल. माझंच चुकलं, एवढ्या मोठ्या माणसाला कोड द्यायलाच नको होतं.”

मग मात्र मी सांगितलं. यादी मी बदलली, त्यांनी विचारलं होतं, मी गप्प केलं. निखिल उभाच होता. त्याने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“तुम्ही?”

“मी.”

“मग फोन तुम्हीच लावा,” तो म्हणाला आणि गेला. त्याचा आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं.

मी फोन लावला. “इक्बालभाई, उद्या या. चूक तुमची नव्हती.”

“मग कोणाची होती, मॅडम?”

“या. सगळ्यांसमोर सांगते.”

बुधवारी सगळे जमल्यावर, मेनन यांच्यासकट, मी उभं राहून सांगितलं. काही लपवलं नाही, असं मला वाटलं. मेनन म्हणाले की गोष्ट रंजक आहे, पण त्यांना फोन बघायचे आहेत. एक फोन त्यांनी घेतला, दुसरा निखिलने इक्बालभाईंच्या हातात दिला. डाव सुरू झाला. मध्यावर मेनन यांनी स्वतःच आपल्या सहकाऱ्याला सांगून त्या फोनवर फोन करवला, उचलला, मिनिटभर इकडचं तिकडचं बोलले, ठेवला. खेळ पुन्हा उघडला. दोन्ही फोनांचे आकडे समोरच्या पडद्यावर शेजारी-शेजारी उतरत होते. गाडी आली. आकडा तोच. पाऊस आला, अर्धी गाडी थांबली, पाऊस गेला, तीच टोळी पुन्हा पुढे झाली. आकडा तोच. मग मेनन यांच्या फोनवर ‘तुम्ही जिंकलात’ आलं आणि इक्बालभाईंच्या फोनवर ‘तुम्ही हरलात’. हरल्यावर आमच्या खोलीत एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

खेळ घेतला गेला. निखिलने सगळ्यांसमोर इक्बालभाईंची माफी मागितली. तन्मय त्यांच्यासाठी खालून चहा घेऊन आला, जे त्याने माझ्यासाठी कधी केलं नाही.

संध्याकाळी इक्बालभाई आपल्या खुर्चीवर बसले, स्क्रिप्ट उघडली आणि त्या नऊ ओळी बोट फिरवत वाचल्या. मी शेजारी उभी होते. आमच्याकडे प्रत्येक बदलाशेजारी करणाऱ्याचं नाव आणि दिवस आपोआप उमटतो.

“चांगलं केलंय,” ते म्हणाले. “नंबर परत आले.” मग बोट ओळींवरून कडेला सरकलं. “हे शनिवारी लिहिलंय.”

“हो.”

“मला फोन काल आला.”

मी काहीतरी बोलायला लागले. बुधवारची धास्ती, कामाची गर्दी. त्यांनी हात वर केला, रागाने नाही.

“शनिवारी संध्याकाळी पुतण्या आला होता, मॅडम. मी ग्रुपवर नाही, पण निखिलसरांचा निरोप तन्मयने मला पाठवला होता, भाईंनी घोटाळा केला म्हणून. मी बसून वही तीनदा वाचली. मला सापडेना, पण म्हटलं, मॅडमनी बघितलंय म्हणजे असणार. घरात सगळ्यांना सांगितलं, माझ्या हातून चूक झाली, पंधरा माणसांचं काम बुडत होतं. बायकोला सांगितलं. पुतण्याला म्हटलं, काट्यावर मला काही हलकं काम असेल तर बघ. तो मान खाली घालून बसला.” ते चष्मा पुसायला लागले. “चार दिवस मी चुकलेला माणूस होतो. तुम्हाला माहीत होतं, नव्हतो ते.”

मी माफी मागितली. “असू दे, मॅडम,” ते म्हणाले. त्यांनी मनापासूनच म्हटलं असेल.

मी आणखी दोन वर्षं तिथे होते. इक्बालभाई रोज येत. चाळीसच्या वर स्क्रिप्ट त्यांनी लिहिल्या, त्यातल्या काही माझ्यापेक्षा नीट. सकाळी ‘नमस्कार मॅडम’, संध्याकाळी ‘येतो मॅडम’. ईदला घरून डबा यायचा, तो आधी माझ्या टेबलावर. अडलं की ते उठायचे, माझ्या खुर्चीमागून जायचे आणि तन्मयला विचारायचे. तन्मय आता न सुस्कारता समजावून सांगायचा. माझ्या डाव्या बाजूला दोन वर्षं शांतता होती.

शेवटच्या दिवशी केक कापला, भाषणं झाली. सगळे पांगल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेले. पडद्यावर एक अर्धवट नियम होता, त्यात एक अट चुकलेली मला उभ्या-उभ्या दिसत होती.

“इक्बालभाई,” मी म्हटलं, “काही विचारायचं आहे का?”

त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसून खुर्चीवरून उठले.

“नाही, मॅडम. तुम्ही निघा, उशीर होईल. मी विचारतो तन्मयला.”